वन्संची गोगलगाय

मंगळवार, ९ जुलै. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. दहा वाजता टपालवाला जाड पाकीट देऊन गेला, सही वन्संनी केली. अकराला पाणी गेलं, साडेबाराला आलं. वन्सं जेवल्या नाहीत. दुपारी मागच्या खोल्यांच्या दाराला आतून कडी. विचारलं तर म्हणाल्या, "वारा येतो." वारा नव्हता.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. शाळेत असल्यापासून मी रोजनिशी लिहिते. आमच्या सिस्टर सांगायच्या, घडलं ते वहीत लिहा, वाटलं ते प्रार्थनेत सांगा. ती सवय अजून मोडलेली नाही, त्यामुळे माझ्या वह्यांत भीती हा शब्द शोधून सापडायचा नाही. पण त्या जुलैत आमच्या घरात भीतीशिवाय दुसरं काही नव्हतंच. म्हणून वहीत नाही ते इथे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं एका मोठ्या धुलाई केंद्रात कॉलर आणि बाह्यांच्या टेबलावर काम केलं. हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे कपडे तिथे यायचे. कॉलरवरचा मळ, बाहीवरची शाई, उशीच्या अभ्र्यावरचं रक्त, कुठला डाग कशाने जातो हे त्यांना कपडा नुसता हातात घेतला की कळायचं. मग केंद्रात यंत्रं आली आणि हाताने धुणाऱ्या बायकांना एका दिवसात घरी बसवलं. वन्संनी आमच्या मागच्या दोन खोल्यांत साबण करायला घेतला. पहिला घाणा मऊच राहिला, दुसऱ्याने हाताची सालं निघाली, पाचवा जमला. केंद्रातल्याच तीन बायका मदतीला आल्या. तारेने वड्या कापायच्या, फळ्यांवर वाळवायच्या, हातयंत्राने ठसा मारायचा, कागदात गुंडाळायच्या. चार जणींची चूल त्यावर पेटत होती.

वन्सं जन्माच्या भित्र्या. लहानपणी कुणी मोठ्याने बोललं, दार आपटलं, की कपाटामागे जायच्या आणि बऱ्याच वेळाने आधी डोकं, मग खांदे, अशा बाहेर यायच्या. हे त्यांना गोगलगाय म्हणायचे. साठी आली तरी बेल वाजली की त्यांचे खांदे वर जातातच.

वडीला नाव काय द्यायचं यावर चार वर्षांपूर्वी या चौघींनी आठवडाभर काथ्याकूट केला. हे तेव्हा अंथरुणाला खिळलेले, शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत असायचे.

"धवल," एक म्हणाली.

"त्या नावाची निदान दहा दुकानं असतील," ठसेवाली म्हणाली. ठसा मारण्याचं काम तिच्याकडे, आणि बोलण्याचंही. "नाव असं हवं की सासूने सुनेला सांगावं, सुनेने नवऱ्याला सांगावं, आणि त्या विसरभोळ्यालासुद्धा दुकानात पोचेपर्यंत आठवावं."

आतून यांचा आवाज आला, "माझ्या बहिणीचं द्या की. गोगलगाय!"

सगळ्या हसल्या. वन्सं फुरंगटून बसल्या. संध्याकाळी मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वहिनी, गोगलगाय जिथून जाते तिथे चकाकती रेघ राहते. दादा अगदीच वेडं बोलला नाही." वेष्टनावर छोटी गोगलगाय आली आणि खाली तीन शब्द, 'हळू घासा, जाईल'. हे त्याच पावसाळ्यात गेले. पहिलं छापलेलं वेष्टन त्यांनी उशीखाली ठेवलं होतं.

तर त्या जाड पाकिटात नोटीस होती. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या साबण कंपनीची. त्यात लिहिलं होतं की कपड्याच्या साबणासाठी 'गोगलगाय' हे नाव आणि चित्र आमच्या नावावर नोंदलेलं आहे, दोन वर्षं आमचा माल इतर शहरांत विकला जातो आहे, आता तो तुमच्या शहरात येतो आहे. तुम्ही आमचं नाव चोरलं आहे. पंधरा दिवसांत विक्री बंद करा, माल, वेष्टनं आणि ठसा आमच्या हवाली करा, नाहीतर कोर्टामार्फत जप्ती.

चोरलं, हा शब्द वन्संनी बोट ठेवून मला दाखवला.

"असं नाव योगायोगाने जुळेल का वहिनी? साबणाला गोगलगाय? कुणाच्या बापजन्मी सुचेल?"

मलाही तेच वाटलं, आणि त्यातूनच पुढची वाईट गोष्ट निघाली. योगायोग नसेल तर नाव कुणीतरी बाहेर नेलं असणार. हे आमच्यातलं कुणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून वन्सं तिघींकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या. ठसेवालीची बहीण पूर्वी कुठल्याशा कंपनीत होती. तिचा डबा, तिची पिशवी, ती फोनवर हळू का बोलते. इतकी वर्षं एका टेबलावर उभ्या राहिलेल्या बायका, आणि आता एक आत आली की दुसरी गप्प. वन्संना झोप येईना. मला म्हणाल्या, "तिनेच केलं असलं तर मी काय करू? आणि नसलं केलं तर मी हे काय करते आहे?"

गुरुवारी आम्ही वकिलाकडे गेलो. चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्याची खोली. तरुण, पडशाने बेजार, टेबलावर फायली आणि वाफ घ्यायचं भांडं शेजारी शेजारी. त्याने नोटीस दोनदा वाचली.

"मावशी, नाव मोकळं आहे का, हे तेव्हा तपासलं होतं?"

"तपासलं तर!" वन्सं म्हणाल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ताठ निघाला.

"नोंदणी कार्यालयात?"

"छे, दुकानांत. वडी अजून बाजारात गेली नव्हती, तेव्हाच मी जाऊन मागायची, गोगलगाय साबण आहे का? नाही म्हणाले, ऐकलंच नाही म्हणाले, की समजायचं नाव मोकळं. अकरा दुकानं केली. काही ठिकाणी तीन-तीनदा गेले, कारण माणूस गडबडीत नाही म्हणून टाकतो."

वकिलाने नाक पुसलं. हसू लपवत होता की शिंक, कळलं नाही. म्हणाला, कायदा दुकानदाराला विचारत नाही. कंपनीने नोंदणीचा अर्ज केला तो चार वर्षांपूर्वीच्या चौदा मेला. त्या तारखेआधी या नावाची वडी तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात दिली होती, एवढं दाखवा. मग नोंदणी त्यांची असली तरी तुमचं नाव तुमच्याकडून सहजी कुणी काढून घेऊ शकणार नाही.

"दिली होती," वन्सं म्हणाल्या. "उन्हाळा होता. नक्की."

"कागद?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. वकिलानेही पाहिलं.

"वहिनी रोज लिहितात," वन्सं म्हणाल्या. "पाणी गेलं-आलं तेसुद्धा."

घरी येऊन मी त्या वर्षाची वही काढली, पण उघडली नाही. हे इथे कबूल केलेलं बरं. त्या वर्षाच्या वहीत यांचं आजारपण आहे, आणि दुसरं म्हणजे, तिथे काय लिहिलं आहे याची मला भीती वाटत होती. मला आठवत होतं त्याप्रमाणे वेष्टनं छापून यायला फार उशीर झाला होता.

मधले दिवस बेलच्या आवाजावर गेले. वकिलाने सहज सांगितलं होतं की मुदत संपली तर कोर्टाचा माणूस पंचांना घेऊन येऊ शकतो, खोल्यांना सील लागू शकतं. वन्संनी ते मनात धरलं. ठसा पितळी, दीड-दोन किलोचा. तो त्या रोज नव्या जागी लपवू लागल्या. एक दिवस तांदळात, एक दिवस यांच्या कोटाच्या खिशात, खिसा फाटला. सोमवारी मी भाजी निवडत होते आणि बेल वाजली. वन्संनी ठसा खुर्चीवर ठेवला, वर उशी टाकली आणि त्यावर बसल्या.

विजेचं मीटर बघणारा होता.

"मावशी, जरा उठा. मीटर तुमच्या मागे आहे."

"मी उठत नाही," वन्सं म्हणाल्या.

"आकडे बघायचेत फक्त."

"वाकून बघा."

तो बिचारा खुर्चीच्या पाठीवरून लांब मान करून वाकला. वन्संनी डोळे मिटून घेतले होते. "बरं नाही का यांना?" त्याने मला जाताना विचारलं. दार लावलं, तेव्हा वन्संच्या ओठांवरचा घाम मला लांबून दिसत होता. मला हसू आलं, पण ते घशाच्या पुढे गेलं नाही. उद्या-परवा खराच कोर्टाचा माणूस आला तर ही बाई खुर्चीतच जाईल, असं मनात आलं.

बुधवारी वही वकिलाकडे नेली. मी पानं उलटत होते, तो पलीकडून वाचत होता. एप्रिल गेला, मे आला. नऊ मे.

"हे बघा!" तो जवळजवळ ओरडला. वन्संचे खांदे वर गेले. त्याने वाचून दाखवलं, "वन्संनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गोगलगाईच्या दोन वड्या दिल्या. दुपारी त्याने आणखी चार मागितल्या. मावशी, चौदाच्या आधी पाच दिवस! याहून काय हवं?"

पण मला खालची ओळ दिसत होती. माझंच अक्षर. 'वेष्टनं अजून छापून आली नाहीत, ठसाही झालेला नाही. वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.'

त्याने तीही वाचली. मग वहीवर आडवी पट्टी ठेवली, अशी की खालची ओळ झाकली जाईल.

"आपण फक्त एवढ्याच उताऱ्याची प्रत देऊ."

"पूर्ण वही मागितली तर?" मी विचारलं.

"मागतीलच असं नाही. आणि वडीवर नाव नव्हतं असं कुठे सिद्ध होतंय? मावशी म्हणतील, तोंडी सांगितलं होतं."

घरी येताना वन्सं पुढे चालत होत्या, मी मागे. माझ्या हातातली वही मला जड झाली होती. एक ओळ झाकली की चार जणींचं पोट आणि यांनी दिलेलं नाव वाचत होतं. न झाकली तर सगळं जात होतं. आणि वही माझी, म्हणजे विचारलं तर उत्तर मलाच द्यायचं होतं. अशा वेळी माणसाला धीर येतो म्हणतात. मला आला नाही. मी ठरवलं, वन्सं म्हणतील ते करायचं, आणि हे ठरवल्याचीसुद्धा मला लाज वाटली.

दिवेलागणीला वन्सं माझ्या खोलीत आल्या. वही मागून घेतली, पान काढलं, उभ्या उभ्या दोन्ही ओळी वाचल्या.

"वहिनी, पूर्ण पान द्या."

"नाव जाईल."

"जाईल." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "मी किती भित्री आहे तुम्हाला ठाऊक आहे. पट्टी ठेवली आणि जिंकलो, तर दर वेळी बेल वाजली की मला वाटणार, आले वही मागायला. मरेपर्यंत. हरले तर एकदाच काय ते घाबरेन. मला एवढंच झेपतं."

दुसऱ्या कुणी सत्याबित्याबद्दल भाषण केलं असतं. वन्संना सोपा पडेल तेवढाच रस्ता दिसला, आणि तो बरोबर निघाला. मी मात्र त्या रात्री आडवी झाले ती आठवड्यातली पहिली झोप घेऊनच उठले.

वकील रागावला, शिंकला, मग म्हणाला की आता कोर्टाआधी कंपनीशी बोलून बघू, निदान जप्ती टळेल. बावीस जुलैला, मुदत संपत आली तेव्हा, त्यांच्या इथल्या कचेरीत बैठक ठरली. नवव्या मजल्यावर काचेची खोली. वन्संनी लिफ्टमध्ये माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पलीकडे कंपनीची वकीलबाई, करड्या कपड्यांतली, आणि तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. नव्या मालाला नावं ठरवायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं.

वकीलबाईंनी पान वाचलं, दोन्ही ओळी. "म्हणजे आमच्या अर्जाआधी नाव वापरलेलं नाही. विषय संपला." त्यांचा आवाज चढा नव्हता, पण वन्सं खुर्चीत आक्रसल्या.

मग त्यांनी मान थोडी बाहेर काढली. त्या गृहस्थांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं? एवढं कळू दे. माझ्याकडच्या बायकांतलं कुणी असेल तर मला सांगा. नाव घेऊन जा, पण हे सांगून जा."

वकीलबाई म्हणाल्या, "ते इथे गैरलागू आहे."

गृहस्थांनी चष्मा खाली ओढला. "सांगायला हरकत काय? आमचे विक्रेते दुकानांतून कागद आणतात. लोक काय मागतात आणि मिळत नाही, त्याची यादी. त्या वसंतात एकाच शहरातून, तीन दुकानांतून, एकाच पंधरवड्यात आलं. गोगलगाय साबण, बाई वारंवार विचारतात. मलाही विचित्र वाटलं. पण तीन दुकानं म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. असलं नाव मोकळं सोडायचं नसतं. आम्ही लगेच नोंदवलं."

"ती बाई मीच," वन्सं म्हणाल्या. "तिन्ही दुकानांत मीच होते. दुसऱ्या कुणाचं नाव नको घ्यायला म्हणून विचारत होते."

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. गृहस्थ हसले नाहीत. ते वकीलबाईंच्या कानाशी काही बोलले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा बोलले. शेवटी कागद झाला. चोरी हा शब्द मागे घेतला. सहा महिने, असलेला माल आणि वेष्टनं संपवायला. जप्ती नाही, भरपाई नाही. त्यानंतर मात्र नाव त्यांचं, चित्र त्यांचं, ठसा घासून टाकायचा.

वन्संनी सही केली. तीनदा विचारलं, "इथेच ना?"

परत आलो तेव्हा तिघी दारातच उभ्या. वन्संनी उभ्यानेच सगळं सांगितलं, अकरा दुकानांसकट. मग ठसेवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी तुझ्यावर वहीम घेतला होता."

"ठाऊक आहे," ठसेवाली म्हणाली. "आठ दिवस माझ्या डब्यात डोकावत होतात. मला वाटलं, भाजी आवडली."

कुणीच हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या, आणि त्यातच वन्सं रडायला लागल्या. ठसेवालीने त्यांना खुर्चीत बसवलं. "आता पुढचं नाव काय, ते बोला. सहा महिने काय चुटकीसरशी जातात."

"आधी वकिलाला विचारायचं," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "आणि दुकानांत कुणी तोंड उघडायचं नाही. मीठसुद्धा मागायचं असलं तर बोटाने दाखवायचं."

त्या वेळी नळाखालची बादली सरकून आवाज झाला आणि त्यांचे खांदे वर गेले. नाव गेलं, पण ज्या बाईवरून ते ठेवलं होतं ती तशीच राहिली. घरी आता तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मी एकदा मारून बघावी असं मनात आलं, पण वहिनीने ते बोलणं बरं दिसलं नसतं.

त्या दिवशीची माझी नोंद सहा ओळींची आहे. बैठकीची वेळ, लिफ्टचा मजला, सहीची तारीख, परत यायला लागलेला वेळ, संध्याकाळी आलेली सर. शेवटची ओळ अशी: गॅसचा सिलिंडर सव्वासातला संपला, नवा लावला. जुना एकेचाळीस दिवस पुरला.